सावलीचा इतिहास : कान्हेरीच्या ओट्यापासून कळंबोलीच्या आवारापर्यंत

१/ १६ एप्रिल २०२३. खारघरच्या सेंट्रल पार्क मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखोंचा समुदाय सकाळपासून भर दुपारपर्यंत उघड्या आकाशाखाली बसून होता. त्या दिवशी परिसराचे कमाल तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस नोंदले गेले. उष्माघाताने १४ जणांचा बळी घेतला. चंद्रपूर-नागपूरच्या वाचकाला ३८ हा आकडा किरकोळ वाटेल. मग एवढी माणसे का दगावली? या प्रश्नाचा माग काढत गेले, तर थेट कोकणातील लेण्यांपर्यंत जाऊन पोहोचता येते. आजचा धागा त्याविषयी.

२/ खारघरच्या शेजारीच कळंबोली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो ती जागा, मोठा लोखंड-पोलाद बाजार, पलीकडे तळोजा औद्योगिक वसाहत. पण हा पट्टा विद्यार्थ्यांचाही आहे. लगतच्या कामोठ्यात एमजीएम आरोग्य विज्ञान संस्था हे अभिमत विद्यापीठ, पनवेलात रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय, खारघरमध्ये महाविद्यालयांची रांगच. एप्रिल-मे हे परीक्षांचे महिने. बसथांब्यापासून वर्गापर्यंत, वर्गापासून प्रयोगशाळेपर्यंत हजारो तरुण या दिवसांत उन्हातून चालतात. त्या चालण्याला सावली कोणी दिली आणि ती कुठे हरवली, हा इतिहासाचाच विषय आहे.

३/ प्रथम एक कोडे सोडवू. बातम्यांत येणारे तापमान नेमके कुठले असते? १८६४ च्या सुमारास स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन याने पांढऱ्या रंगाची, झडपांची एक लाकडी पेटी तयार केली. (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा हा पिता.) जमिनीपासून कमरेइतक्या-छातीइतक्या उंचीवर, हवा खेळेल पण ऊन शिरणार नाही, अशा त्या पेटीत तापमापक ठेवण्याची प्रथा जगभर रूढ झाली. म्हणजेच वेधशाळेचे तापमान हे सावलीतील हवेचे तापमान असते. मैदानावर बसलेला माणूस मात्र त्या पेटीत बसलेला नसतो.

४/ शरीराला जाणवणारा उष्मा चार बाह्य गोष्टींवर ठरतो : हवेचे तापमान, हवेतील आर्द्रता, वारा आणि उष्णतेचे प्रारण. प्रारण म्हणजे सूर्याकडून थेट येणारी उष्णता, तशीच तापलेल्या भिंतींकडून आणि जमिनीकडून येणारीही. यात माणसाच्या हालचालीची आणि कपड्यांची भर पडते. एक लीटर घाम पूर्णपणे वाळला तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र घाम वाळला पाहिजे, नुसता ओघळून उपयोग नाही. कोकणच्या दमट हवेत नेमके वाळणेच अडते. म्हणूनच भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून.

५/ हे शास्त्र शब्दांत मांडले जाण्याच्या कितीतरी आधी कोकणाने ते दगडात कोरले होते. साष्टी बेटावरील कान्हेरी. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेला आणि हजार वर्षांहून अधिक काळ नांदता राहिलेला हा लेणीसमूह सुमारे शंभर लेण्यांचा आहे. तो भिक्षूंचा निवास होता, तसेच विद्याकेंद्रही. नवव्या शतकातील शिलाहारकालीन लेखांत ग्रंथांसाठी दिलेल्या दानाचा उल्लेख येतो. एका अर्थी हा मुंबई परिसरातील सर्वांत जुना ‘कॅम्पस’.

६/ कान्हेरीच्या दानलेखांतील शब्द पाहा. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके. ‘आसनपेढिका’ म्हणजे बसण्याचा दगडी ओटा. ‘चंकम’ म्हणजे येरझारा घालण्याची वाट. दाते आपल्या नावाने केवळ मूर्ती कोरवून घेत नव्हते. बसायला ओटा, प्यायला पाणी आणि चालायला वाट हीदेखील पुण्याची कामे मानली जात. विहारांपुढे खोल व्हरांडा, व्हरांड्यालगत बाक आणि शेजारी टाके ही रचना तेथे पुन्हापुन्हा दिसते. आतली खोली झोपण्यापुरती होती. दिवस जाई तो उंबऱ्यावर, ना धड आत ना धड बाहेर अशा जागेत.

७/ रस्त्यावरची सावली हे राज्याचे कर्तव्य आहे, ही कल्पनाही जुनी. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मार्गाच्या कडेने वड लावल्याचा उल्लेख आहे आणि त्याचे कारण सावली असे स्पष्ट सांगितले आहे. ही सावली माणसांसाठी आहे, तशीच जनावरांसाठीही. पुढे शिवकालीन राज्यनीती सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही झाडांचा विचार येतो. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, कारण ती वाढायला अनेक वर्षे लागतात आणि लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा त्या आज्ञेचा आशय. झाडाची किंमत त्याला लागलेल्या वर्षांवरून ठरते, हे त्या काळच्या राजकारण्याला ठाऊक होते.

८/ लेण्यांचे शहाणपण कोकणी घराने सांभाळले. ओटी, पडवी, मागील दार, शेणाने सारवलेले अंगण. पावसाळा सरला की अंगणात बांबू-झावळ्यांचा मांडव उभा राही आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की तो उतरविला जाई. ऋतूनुसार येणारी-जाणारी ही सावली होती. पनवेलचे जुने वाडे आणि वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तळी याच जीवनपद्धतीचे भाग. घराबाहेरची जागा वापरायची असेल तर तिच्यावर छाया आणि जवळ पाणी हवे, हे वेगळे शिकवावे लागत नव्हते.

९/ १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. फोर्टमधील त्याच्या इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने लंडनमध्ये बसून केले. तो मुंबईत कधीच आला नाही. सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह उभे राहिले, तर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर. टॉवरचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये संपले. प्रत्यक्ष बांधकामात राव बहादूर मुकुंद रामचंद्र या मराठी अभियंत्याचा मोठा वाटा होता. टॉवरवरील विविध समाजांच्या पुतळ्यांचे नमुने त्यांचेच.

१०/ शैली युरोपीय गॉथिक, पण हवा मुंबईची. म्हणून या इमारतींना कमानींचे सज्जे आले, झाकलेले पोर्च आले, बाहेरच्या अंगाने चढणारे उघडे गोल जिने आले. ऊन थेट भिंतीवर पडू नये आणि वारा अडू नये, ही दोन्ही कामे त्या कमानी करतात. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या वास्तूंची नक्षी सारेच पाहतात. दुपारी बाराला त्या कमानींखाली उभे राहिले, म्हणजे त्यांचे दुसरे प्रयोजन कळते.

११/ येथे एक विसंगतीही नोंदवावी लागेल. कमानी बांधणारे सरकार स्वतः उन्हाळ्यात मुंबईत राहत नसे. एप्रिल-मे महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यात आणि थंडीचे दिवस मुंबईत, अशी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांची रीत होती. पुण्याजवळ गणेशखिंडीत त्यांचा प्रशस्त वाडा होता. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, त्याच आवारात पुणे विद्यापीठ आले. गव्हर्नरांसाठी जोपासलेल्या झाडांची सावली विद्यार्थ्यांना लाभली ती अशी.

१२/ खेड्यापाड्यांतील शिक्षणाची सावली निराळी होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला. वडाच्या पारंब्या रुजून त्याचा विस्तार होतो, तसे शिक्षण पसरावे, हा त्यामागील भाव. पण ज्या देशात शाळेला इमारत मिळण्याआधी झाड मिळत असे, तेथे या चिन्हाला शब्दशः अर्थही होता. उन्हाळ्यातील सकाळची शाळा ही आपल्याकडची दुसरी जुनी तडजोड : जागा बदलता येत नसेल, तर वेळ बदला.

१३/ आता आकड्यांकडे. १९०५ मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने कॉर्नवॉलच्या खाणींतील उष्म्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. माणसाची सहनशक्ती हवेच्या साध्या तापमानावर ठरत नाही, तर ‘ओल्या बल्बच्या’ तापमानावर ठरते, हे त्याने दाखविले. तापमापकाच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळायचे. पाणी वाळताना फुगा थंड होतो. हवा जितकी दमट, तितका तो कमी थंड होतो. आपल्या घामाचेही असेच घडते. स्थिर हवेत हे तापमान सुमारे ३१ अंशांच्या वर गेले की उघड्या अंगाच्या, विश्रांती घेणाऱ्या माणसाचेही शरीर तापू लागते, असा त्याचा निष्कर्ष होता.

१४/ पुढचे पाऊल सैन्याच्या मैदानावर पडले. अमेरिकेतील पॅरिस आयलंड या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रात उन्हाळ्यात नवे भरती झालेले तरुण कोसळत असत. १९५७ मध्ये कॉन्स्टँटिन याग्लू आणि डेव्हिड मिनार्ड यांनी एक निर्देशांक मांडला. त्यात ओल्या बल्बला ७० टक्के, काळ्या गोळ्याच्या तापमापकाला २० टक्के आणि सावलीतील हवेला १० टक्के महत्त्व. काळा गोळा म्हणजे तांब्याचा पोकळ, काळा रंगविलेला गोळा आणि त्याच्या पोटात तापमापक. तो सूर्याचे आणि तापलेल्या जमिनीचे प्रारण शोषून घेतो. स्टीव्हन्सनच्या पेटीने जे बाहेर ठेवले होते, ते या गोळ्याने मोजले.

१५/ या निर्देशांकावर रंगांचे झेंडे ठरले. ८८ अंश फॅरनहाइटला लाल, ९० ला काळा. काळा झेंडा लागला की कसरत बंद. आता एक मानीव उदाहरण करून पाहू. हवा ३४ अंश सेल्सिअस, ओला बल्ब २७, उन्हातील काळा गोळा ४८. निर्देशांक येतो ३१.९, म्हणजे सुमारे ८९ फॅरनहाइट. लाल झेंडा. त्याच वेळी, त्याच आवारात, दाट झाडाखाली गोळा ३६ आणि ओला बल्ब २६.५ धरू. निर्देशांक उतरतो सुमारे २९.२ वर, म्हणजे हिरव्या झेंड्यावर. हवेचे तापमान दोन्हीकडे ३४ च. फरक केवळ सावलीचा.

१६/ भारतानेही आपले मोजमाप शोधले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतील एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी १९८६ मध्ये ‘ट्रॉपिकल समर इंडेक्स’ प्रसिद्ध केला. त्याचे सोपे सूत्र असे : ओल्या बल्बचा एक तृतीयांश, अधिक काळ्या गोळ्याचे तीन चतुर्थांश, वजा वाऱ्याच्या (मीटर प्रति सेकंद) वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट. २५ ते ३० हा सुखाचा पट्टा. परदेशी सूत्रे बहुतांशी थंड देशांतील बंद खोल्यांत बसविलेल्या विद्यार्थ्यांवरून आली होती. हे सूत्र भारतीय माणसाला विचारून आले, आणि त्याने वारा व प्रारण यांना मानाचे स्थान दिले. ओटी आणि पडवी नेमके हेच करीत होत्या.

१७/ आता पुन्हा खाडीपलीकडे. १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईसमोरच्या मुख्य भूमीवर नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया तिचे प्रमुख वास्तुविशारद झाले. उष्ण प्रदेशात ‘आकाशाला उघडी जागा’ हीसुद्धा एक खोलीच असते, सकाळी एक जागा सुखाची आणि संध्याकाळी दुसरी, हा कोरियांचा आयुष्यभराचा विचार. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी सात-सात घरे एकेका छोट्या चौकाभोवती मांडली, ती याच विचाराने.

१८/ हाच विचार त्यांनी विद्यापीठाच्या आवारातही उतरविला, पण पुण्यात. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये स्थापन झालेली आयुका ही संस्था. पुणे विद्यापीठाच्या आवारात कोरियांनी तिची वास्तू रचली : मधोमध पायऱ्यांचे कुंड, भोवती झाकलेल्या मार्गिका, एका भागातून दुसऱ्या भागात जाताना चौकाच्या कडेची सावली. कुंड भर दुपारी बसण्यासाठी नाही, ते संध्याकाळचे. दुपारचा मार्ग कडेकडेने जातो. कान्हेरीचा चंकम आणि आसनपेढिका येथे दोन हजार वर्षांनी पुन्हा भेटतात.

१९/ कळंबोलीच्या वाट्याला मात्र हे आले नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली. भातखाचरे, खाजणे, मिठागरे यांवर भराव पडला. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले आणि जानेवारी १९८४ मध्ये पाच जण पोलीस गोळीबारात हुतात्मा झाले. जमिनीच्या मालकीचा तो इतिहास आपण सांगतो, पण त्याच जमिनीच्या तापमानाचाही एक इतिहास आहे. ओले शेत आपल्यावर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग पाणी वाळविण्यात खर्च करते. काँक्रीट ते ऊन साठविते आणि सूर्य मावळल्यावर परत देते. रुंद रस्ते, पेव्हर ब्लॉकची आवारे, कुंपणालगत शोभेचे पाम. पामचे झाड उंच होते, सावली मात्र खांबाएवढीच देते.

२०/ यावर बदलत्या हवामानाची भर. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने वाढलेले होते. एप्रिल २०२३ च्या दमट उष्णतेच्या लाटेचा अभ्यास वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने केला. मानवनिर्मित हवामानबदलामुळे भारत-बांगलादेशातील अशा लाटेची शक्यता किमान तीसपट वाढली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खारघरची दुर्घटना त्याच महिन्यातली. म्हणजे आपले पूर्वज ज्या उन्हासाठी पडव्या बांधत होते, त्याहून कडक उन्हात आपण पडव्यांशिवाय उभे आहोत.

२१/ ‘आम्ही तरुण आहोत, आम्हाला काय होते?’ असे कोणी म्हणेल. २०२२ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी नेमके हेच तपासले. निरोगी तरुण-तरुणींना दमट उष्ण हवेत हलक्या हालचाली करायला लावून त्यांच्या शरीराचे तापमान मोजले. तोवर ३५ अंश ओला बल्ब ही मानवी मर्यादा मानली जात असे. या तरुणांचे शरीर मात्र ३०-३१ अंशांपुढेच तापू लागले. हाल्डेनचे ३१ आठवते ना? त्याच्या खाणकामगारांनी सांगितलेली गोष्ट शतकानंतर विद्यार्थ्यांनी पुन्हा सांगितली. वयोवृद्धांची मर्यादा तर याहूनही खाली.

२२/ मग करायचे काय? इतिहासानेच चार उत्तरे दिली आहेत. वाट : प्रवेशद्वारापासून वर्गापर्यंतचा रस्ता झाकलेला किंवा झाडांखालचा असावा. सर्वत्र नसेल तर निदान गर्दीचा. ओटा : सावलीत बसण्याची जागा. पोढी : प्यायचे पाणी वाटेवरच. वेळ : मैदानी खेळ, कवायती आणि समारंभ सकाळी किंवा सायंकाळी. झाड निवडताना ते एप्रिलमध्ये कसे दिसते ते पाहावे. ऐन उन्हाळ्यात करंज नव्या पालवीने भरून येतो, बकुळ सदाहरित असते, वड-आंबा तर आपलेच. आणि आज्ञापत्राचा धडा : उभे झाड तोडून दहा रोपे लावली म्हणजे हिशेब मिटत नाही. मधल्या वीस वर्षांचे ऊन कोणीतरी सोसायचे असते.

२३/ आपल्या आवारात एक प्रयोग करता येईल. दोन सारखे पोकळ धातूचे गोळे काळे रंगवा, आत साधे तापमापक बसवा. एक वाहनतळाच्या काँक्रीटवर, दुसरा सर्वांत जुन्या झाडाखाली टांगा. एप्रिलच्या दुपारी १२ ते ३ दर अर्ध्या तासाने नोंद ठेवा. त्या नोंदी घेऊन प्राचार्यांकडे जा. सावलीची मागणी ही लाड म्हणून केलेली मागणी नाही, हे दाखवायला दोन गोळ्यांमधला फरक पुरेसा असतो.

२४/ खारघरचे ते १४ जण स्टीव्हन्सनच्या पेटीतील ३८ अंशांनी दगावले नाहीत. डोक्यावरचे ऊन, अंगाभोवतीची दमट हवा आणि तासन्‌तास न मिळालेली सावली यांनी ते गेले. हे तिन्ही कळंबोलीच्या, पनवेलच्या, खारघरच्या कोणत्याही आवारात दर एप्रिलला हजर असतात. आपल्या महाविद्यालयातील सर्वांत जुने झाड कोणते, ते कोणी आणि कोणत्या साली लावले, हे ठाऊक असेल तर छायाचित्रासह खाली नोंदवा. आपापल्या परिसराच्या सावलीचा इतिहास आपणच लिहायचा आहे.

धागा समाप्त.